यादीतला पहिला शब्द

कृष्णमूर्ती : चपला राहू देत तिथंच, आत या की. एकटेच आलात? आई कुठं?

धनुष : आई नव्याकडं बसलीये, अंकल. माझी मामेबहीण, इथं मागच्या क्रॉसला, पलीकडच्या गल्लीतच राहते. आई म्हणाली, त्या घराची पायरी मी चढणार नाही. पण फोन दिला.

सुप्रीता : दिला? खरंच दिला?

धनुष : हो. म्हणाली, घेऊन जा आणि तिचं खोटं तिच्याच तोंडासमोर धर. सॉरी. तसंच म्हणाली, म्हणून सांगितलं.

सुप्रीता : असू दे. भरल्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलल्या, त्यापेक्षा हे बरं. चार्ज आहे ना फोनला?

कृष्णमूर्ती : कॉफी टाकू का थोडी?

सुप्रीता : नको अप्पा.

कृष्णमूर्ती : पाहुणे आलेत गं, पुट्टी, बाळा.

सुप्रीता : ते पाहुणे म्हणून नाही आलेत. मागच्या वेळी आले होते पाहुणे म्हणून, मला बघायला.

धनुष : बेडा, अंकल. नको खरंच.

सुप्रीता : बसा. आधी माझं ऐकून घ्या, मग फोन उघडा. त्या एकादशीला भजन झाल्यावर तुमच्या आई विठ्ठल मंदिराच्या हॉलमध्ये म्हणाल्या, समाजाची वधू-वर साइट हिच्याच हातात, म्हणून हिनं स्वतःचं 'घटस्फोटित' पुसलं आणि 'अविवाहित' लिहिलं. बरोबर?

धनुष : हो.

सुप्रीता : वेंकटेशण्णा समितीचे अध्यक्ष. त्यांनी तिथल्या तिथं माझ्याकडून साइटचा पासवर्ड काढून घेतला. त्यांचाही इलाज नव्हता. तेव्हापासून मी साइटला हात लावलेला नाही, लावताच येत नाही. म्हणजे आज या फोनवर जे दिसेल ते मी मागाहून बदललेलं नसणार. पटतंय?

धनुष : पटतंय.

सुप्रीता : माझ्या लॅपटॉपवर बघितलं, घटस्फोटित. माझ्या फोनवर, अप्पांच्या फोनवर, ऑफिसातल्या लोकांच्या फोनवर, सगळीकडं घटस्फोटित. त्याचे स्क्रीनशॉट समितीला पाठवले तर उत्तर आलं, स्क्रीनशॉट काय, तू सॉफ्टवेअरवाली, कसेही बनवशील. म्हणून हाच फोन पाहिजे होता. त्यांनी ज्याच्यावर वाचलं तोच.

धनुष : हा माझा जुना फोन. पीयूसीला, बारावीला असतानाचा. मी नवा घेतला तेव्हा आईला दिला. दुसरा आणतो म्हटलं तर नको म्हणते. ह्याच्यात जागाच नाही आता, त्यामुळं काहीच अपडेट होत नाही.

सुप्रीता : उघडा तुम्हीच. मी हात लावत नाही.

धनुष : फिरतंय अजून. हं, आलं. फोटो आला. नाव, सुप्रीता कृष्णमूर्ती. शिक्षण. नोकरी. उंची. वैवाहिक स्थिती…

सुप्रीता : काय आहे?

धनुष : अविवाहित.

कृष्णमूर्ती : अय्यो विठ्ठला!

सुप्रीता : परत वाचा.

धनुष : अविवाहितच आहे. हे बघा ना.

सुप्रीता : म्हणजे त्यांना खरंच दिसत होतं. आणि मी इतके दिवस या घरात काय म्हणत होते, अप्पा? बाई धडधडीत खोटं बोलते. लग्न मोडायला निमित्त हवं होतं तिला.

कृष्णमूर्ती : मी पण म्हणालो की. तू एकटी कुठं म्हणालीस.

सुप्रीता : धनुष, आता तुमच्या फोनवर तेच पान उघडा.

धनुष : माझ्या?

सुप्रीता : हो. दोन्ही फोन शेजारी शेजारी धरायचे.

धनुष : त्याची गरज आहे का?

सुप्रीता : म्हणजे काय? त्याच्याशिवाय काय सिद्ध होणार आहे?

धनुष : आयतु, ठीक आहे, उघडतो. हे घ्या. घटस्फोटित.

सुप्रीता : बघा अप्पा. पान तेच, वेळ तीच. एका फोनवर एक, दुसऱ्यावर दुसरं.

कृष्णमूर्ती : असं कसं होतं गं? एकच कागद दोघांनी वाचला तर दोन अक्षरं दिसतील का?

सुप्रीता : ती केबल द्या. टेबलावरची नाही, काळी. आईंचा फोन लॅपटॉपला जोडते, आत काय अडलंय ते दिसेल. थांबा… हं. ही बघा, लाल ओळ. एकच आहे. पण तिच्यापुढं काही चाललेलंच नाही.

कृष्णमूर्ती : मला समजेल असं सांग की.

सुप्रीता : आधी पान तयार व्हायचं तेव्हा त्यात शब्दच लिहून जायचा. माझ्या पानात 'घटस्फोटित', दुसऱ्या कुणाच्या पानात 'अविवाहित'. कुठलाही फोन असो, लिहिलेलं तसंच दिसायचं. उगादीनंतर, पाडवा झाल्यावर, मी पान बनवायची पद्धत बदलली. माहिती भरायचं पान वेगळं, बघायचं पान वेगळं, दोन-दोन ठिकाणी दुरुस्ती करायचा कंटाळा यायचा. म्हणून दोन्ही एक केलं. आता पानात अख्खी यादी जाते. अविवाहित, घटस्फोटित, विधवा, विधुर. पान उघडलं की फोनमध्ये एक छोटा प्रोग्राम चालतो आणि यादीतला बरोबर शब्द निवडतो.

धनुष : आणि हा फोन…

सुप्रीता : ह्याचा ब्राउझर इतका जुना आहे की मी लिहिलेली भाषाच त्याला कळत नाही. पहिल्या ओळीलाच अडखळतो आणि सोडून देतो. मग शब्द कोण निवडणार? यादीतला पहिला तसाच राहतो.

धनुष : आणि पहिला अविवाहित.

सुप्रीता : पहिला अविवाहित.

कृष्णमूर्ती : म्हणजे कच्चा धावदोरा घालून कपडा गिऱ्हाइकाकडं पाठवला. पक्की शिलाई त्याच्या घरच्या मशीनवर व्हायची होती, आणि त्याचं मशीन चाललंच नाही.

सुप्रीता : तसंच, अप्पा.

कृष्णमूर्ती : मग ह्याच्यात तुझा काय दोष? मशीनचा दोष.

धनुष : हो, मी आईला तेच सांगतो. फोनचा प्रॉब्लेम होता म्हणून.

सुप्रीता : नका सांगू. धनुष, आईंच्या फोनवर आणखी एक पान उघडा. कांचन म्हणून नाव शोधा.

धनुष : कांचन… बोगादी रोडच्या? आलं. वैवाहिक स्थिती, अविवाहित.

कृष्णमूर्ती : कांचन? अगं, तिचा नवरा जाऊन…

सुप्रीता : माहीत आहे, अप्पा. तिनं मला फोन केला होता.

कृष्णमूर्ती : कधी?

सुप्रीता : हे लोक आपल्याकडं यायच्या आधी. मी ऑफिसात होते. कांचनक्का म्हणाल्या, माझ्या नणंदेच्या फोनवर मी अविवाहित दिसते. ती विचारते, माझ्या भावाला पुसून टाकलंस का गं? रडवेल्या झाल्या होत्या. मी बोलता बोलता माझ्या फोनवर उघडून बघितलं. बरोबर 'विधवा' होतं. म्हटलं, अक्का, साइट ठीक आहे. नणंदेला सांगा, फोन बदला.

कृष्णमूर्ती : असं म्हणालीस तिला?

सुप्रीता : असंच. वर हसले पण. मग त्यांनी परत फोन केला नाही, मीही केला नाही. आपल्या समाजात निम्म्या बायका पोरांनी टाकलेले फोन वापरतात. मला काय ठाऊक नव्हतं? अप्पा, तुम्हाला गेल्या वर्षी नवा घेऊन दिला म्हणून तुमच्या फोनवर बरोबर दिसलं. त्याच दिवशी कांचनक्कांच्या नणंदेचा फोन मागवून बघितला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. फोनचा प्रॉब्लेम नाही हा. मी नीट बघितलं नाही.

कृष्णमूर्ती : तोंड धू जा जरा. पाणी देऊ?

सुप्रीता : नको. धनुष, आईंना बोलवा. त्यांनी स्वतः बघायला पाहिजे.

धनुष : आईचा फोन इथंच आहे, नव्याच्या फोनवर करतो. पण… मी जाऊन सांगू का तिला? तुम्ही दोघी समोरासमोर कशाला…

सुप्रीता : एक विचारू? मघाशी मी तुमच्या फोनवर उघडा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, त्याची गरज आहे का. का म्हणालात असं?

धनुष : सुम्ने. उगाचच.

सुप्रीता : उगाच नाही. तुमचा चेहरा बघितला मी.

धनुष : कारण… काय दिसणार ते मला माहीत होतं.

सुप्रीता : कसं?

धनुष : मी बघितलं होतं. तुमच्याकडं यायच्या आधीच. आईनं लिंक पाठवली, मी दुकानात बसून उघडली. घटस्फोटित लिहिलेलं वाचलं. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाईट काही वाटलं नाही. मला वाटलं आईनं पण वाचलंय आणि तरी हो म्हणाली. आई इतकी… हेगे हेळली, कसं सांगू… इतकी मोठ्या मनाची असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी खूश होतो.

सुप्रीता : आणि हॉलमध्ये?

धनुष : तिथं मी मागं होतो.

सुप्रीता : हॉलमध्ये त्या ओरडत होत्या, हिनं पुसलं, हिनं पुसलं. तुम्ही मागं खांबाला टेकून उभे होतात. फोन खिशातच होता ना?

धनुष : होता.

सुप्रीता : एक वाक्य. 'आई, माझ्या फोनवर लिहिलेलं आहे.' एवढंच.

धनुष : सगळे बघत होते. आई रडत होती. मला वाटलं, आता बोललो तर आईच सगळ्यांसमोर खोटी पडणार. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी ती जेवलीच नाही. मग उद्या सांगू म्हटलं. मग रोज उद्याच.

कृष्णमूर्ती : मी मृदंग वाजवायचो भजनात. तरुणपणापासून. त्या दिवसापासून गेलो नाही मी देवळात. टेलरिंगचं सामान आणायला जातो तेसुद्धा देवराज मार्केटच्या मागच्या बाजूनं. पुढं सगळी आपलीच दुकानं.

धनुष : माहीत आहे, अंकल.

कृष्णमूर्ती : माहीत आहे?

धनुष : सगळ्यांना माहीत आहे.

सुप्रीता : फोन करा आईंना. प्लीज.

(सुमित्राबाई येतात. उंबऱ्याबाहेरच थांबतात.)

सुमित्राबाई : मी आत येत नाही. काय दाखवायचं ते इथूनच दाखवा.

कृष्णमूर्ती : सुमित्राबाई, ऊन आहे बाहेर…

सुमित्राबाई : असू दे ऊन. आमच्या गावी सरगूरला काय सावलीत बसून असते मी? दाखव रे धनुष.

धनुष : हा तुझा फोन. वाच काय लिहिलंय.

सुमित्राबाई : अविवाहित. तेच तर मी सांगत होते बोंबलून!

धनुष : आता हा माझा. तेच पान.

सुमित्राबाई : घट… हे काय? हे आत्ता बदललं हिनं.

सुप्रीता : मावशी, पासवर्ड वेंकटेशण्णांकडं आहे. तुमच्याच फोनवर आणखी एक पान बघा. कांचनक्कांचं.

सुमित्राबाई : कोण कांचन? बोगादीची? अविवाहित? काय बोलता! तिच्या नवऱ्याच्या बाराव्याला मी स्वतः जेवून आले. ती कशाला असं लिहील? लेकरू आहे पदरात तिच्या.

सुप्रीता : तिनं नाही लिहिलं. मीही नाही लिहिलं. मी पान बनवायची पद्धत बदलली, ती तुमच्या फोनला कळत नाही. म्हणून सगळ्यांच्या नावासमोर यादीतला पहिला शब्द दिसतो, अविवाहित. चूक माझी आहे. पण पुसलं नाही मी काही.

सुमित्राबाई : थांब. सगळ्यांच्या? ह्या फोनवर सगळेच अविवाहित?

धनुष : सगळे, आई. विधुरसुद्धा.

सुमित्राबाई : देवा. सरक रे, बसू दे मला.

कृष्णमूर्ती : या, इथं पंख्याखाली बसा.

सुमित्राबाई : त्या दिवशी काय झालं माहीत आहे का तुला? वरलक्ष्मी आली हॉलमध्ये, माझा हात धरला, चार बायकांसमोर म्हणाली, सुमित्राक्का, तुमचं मन केवढं मोठं, घटस्फोट झालेली सून करून घेताय. मला वाटलं ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलते. सगळ्या माझ्याकडं बघून माना हलवतायत आणि मी येड्यासारखी हसतेय. मग कळलं. डोकं फिरलं माझं. समोर तू दिसलीस प्रसाद वाटताना.

सुप्रीता : हो.

सुमित्राबाई : काय काय बोलले गं मी तुला?

सुप्रीता : जाऊ द्या, मावशी.

सुमित्राबाई : जाऊ कसं देऊ? 'टाकलेल्या बाईला लाज कसली' म्हणाले. म्हणाले ना? प्रसादाचं ताट होतं तुझ्या हातात.

कृष्णमूर्ती : म्हणालात.

सुमित्राबाई : तिच्या बापासमोर. मला पण पोर असती तर… छे. येत्या एकादशीला मी उभी राहते. त्याच हॉलमध्ये. मोठ्यानं बोलले होते, मोठ्यानंच माफी मागते. वेंकटेशाला सांगा, माइक द्यायचा मला. ए धनुष, पण तुझ्या फोनवर तर बरोबर होतं की. तू कधी उघडलंच नव्हतंस का हे पान?

धनुष : उघडलं होतं.

सुमित्राबाई : कधी?

धनुष : तू पाठवलंस त्याच दिवशी. मला माहीत होतं, आई. मला वाटलं तुला पण माहीत आहे.

सुमित्राबाई : आणि मी तिला शिव्या घालत होते तेव्हा?

धनुष : गप्प बसलो.

सुमित्राबाई : माझ्याच पोटचं पोर. आणि मला उपाशी बसलेली बघत होतास घरात?

सुप्रीता : मावशी, त्यांच्यावर नंतर रागवा. आधी माझं ऐका. हॉलमध्ये माफी मागायच्या आधी ऐका.

सुमित्राबाई : तुझं काय आता? तू निर्दोष निघालीस की.

सुप्रीता : नाही निघाले. तुम्ही आमच्याकडं आला होतात तेव्हा इथंच बसला होतात. मी कॉफी घेऊन आले, धनुष तेव्हा बाहेर फोनवर बोलत होते. तुम्ही माझी हनुवटी धरलीत आणि म्हणालात, दोघांचंही पहिलंच लग्न, मग हौसेला कमी कशाला करायची, नादस्वर बोलावू, सगळं करू.

सुमित्राबाई : म्हणाले असेन.

सुप्रीता : तेव्हा मला कळलं. तुम्हाला माहीत नाही, हे त्याच क्षणी कळलं मला. ट्रे हातात होता माझ्या. मी बोलू शकले असते.

सुमित्राबाई : मग का नाही बोललीस?

सुप्रीता : मनाला म्हटलं, पानावर स्पष्ट लिहिलंय, यांनी नीट वाचलं नसेल, तो काय माझा दोष? मी काही लपवलेलं नाही. आणि… तुमच्या आधी दोन घरची माणसं येऊन गेली होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. ती इतकी हळू बोलायची, मावशी, घरात कुणी आजारी असल्यासारखी. कुणी माझ्याकडं सरळ बघायचं नाही. तुम्ही आलात आणि खदखदून हसलात. मला कुठला रंग शोभेल ते सांगायला लागलात. मला वाटलं, थोडा वेळ असंच राहू दे. कॉफी संपली की सांगू. मग म्हटलं निघताना सांगू. मग तुम्ही रिक्षात बसलात.

सुमित्राबाई : आणि मग हॉलमध्ये?

सुप्रीता : हॉलमध्ये तुम्ही म्हणालात हिनं फसवलं. मी ओरडून सांगत राहिले, साइट बरोबर आहे, साइट बरोबर आहे. इतके दिवस फोन शोधत होते, केबल लावत होते. हे बोलायला नको म्हणून.

कृष्णमूर्ती : तिला एकटीला बोलायला लावू नका. मी पण इथंच होतो. पहिलंच लग्न म्हणालात ते मीही ऐकलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. बापानं बोलायचं असतं तिथं. तिची आई असती तर बोलली असती. मी काय बोललो ठाऊक आहे? म्हणालो, सुमित्राबाई, केसरीभात घ्या आणखी.

सुमित्राबाई : आणि मी घेतला.

कृष्णमूर्ती : घेतलात.

सुमित्राबाई : म्हणजे त्या दिवशी ह्या खोलीत चार माणसं बसलेली. तिघांना ठाऊक. मी एकटीच हसत होते.

धनुष : आई, मला अजूनही वाटतं की आपण…

सुमित्राबाई : तू आज बोलू नकोस. बोलायचं होतं तेव्हा खांबाला टेकलास.

कृष्णमूर्ती : सुमित्राबाई, तुम्ही उठून गेलात तरी आम्ही काही म्हणणार नाही.

सुमित्राबाई : उठूनच जाणार होते. पाय उचलत नाही. माझं तोंड तरी कुठं मोठं आहे आता? तू एक गोष्ट बोलली नाहीस, मी नको त्या दहा बोलले.

सुप्रीता : म्हणून म्हणते, माइकवर माफी नका मागू माझी.

सुमित्राबाई : ते तू नको ठरवूस. तू पुसलं नाहीस. तू पुसलंस असं मी म्हणाले, ते मी परत घेणार, सगळ्यांच्या देखत. नाहीतर तुझ्या बापानं देवळात यायचं कसं? कॉफीच्या वेळी गप्प बसलीस ते माझ्यातुझ्यातलं. ते वरलक्ष्मीला कशाला पाहिजे?

सुप्रीता : मग माझ्या कामाची चूक मी सांगते. त्याच माइकवर. फोनचा दोष नव्हता, मी जुन्या फोनवर तपासलंच नाही, म्हणून कितीतरी माणसांबद्दल खोटं दिसत राहिलं. आणि कांचनक्कांकडं आजच जाते. फोनवर नाही सांगणार त्यांना.

कृष्णमूर्ती : मी येतो बरोबर.

सुप्रीता : वेंकटेशण्णांना पासवर्ड मागते. आधी होतं तसं करते, शब्द थेट पानातच लिहून जाईल. कुठलाही फोन असो, निवडायबिवडायची भानगडच नको.

सुमित्राबाई : झालं की कशावर बघणार? तुमच्या ऑफिसातल्या नव्या फोनांवरच ना परत?

सुप्रीता : नाही. जुना एखादा शोधते.

सुमित्राबाई : हाच ठेव दोन दिवस. मला कोण फोन करतंय? धनुषला कळलं म्हणजे झालं.

सुप्रीता : मावशी, माझ्यावर विश्वास…

सुमित्राबाई : विश्वासाचं नाव काढू नकोस आज. फोन ठेव म्हटलं, फोन ठेव. त्या कांचनचं आधी नीट कर. तिचा नवरा चांगला माणूस होता.

धनुष : आई, निघायचं? सरगूरची बस…

सुमित्राबाई : थांब जरा. ए सुप्रीता, वर बघ. रडू नकोस, वर बघ. तुझं ते लग्न. का मोडलं, विचारलं का गं तुला कुणी?

सुप्रीता : विचारतात. पण माझंच काहीतरी असणार, असं आधी ठरवून विचारतात.

सुमित्राबाई : मीसुद्धा तसंच ठरवलं होतं. हॉलमध्ये.

सुप्रीता : हो.

सुमित्राबाई : कृष्णमूर्तीण्णा, तुम्ही धनुषला स्टँडवर सोडून या. मी मागच्या बसनं येते रे. जा, जा. हं… आता सांग. मला घाई नाही.